कोकणच्या समुद्रात जहाज आणि व्हेलच्या टकरीचा धोका मोजायचा कसा?

रेवती_पाषाण

नमस्कार. मी विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते, राहते पाषाणला. प्रकल्पासाठी डहाणूपासून कारवारपर्यंतच्या समुद्राचा एक नकाशा करते आहे: जहाजाची व्हेलशी टक्कर होण्याचा धोका कुठे जास्त आणि कुठे कमी. विषय मीच मागून घेतला. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता ठरली आहे. एवढी जहाजं यायच्या आधी त्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आतापर्यंत केलेलं असं: समुद्राचे १० किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात एका वर्षातले एआयएसचे ठिपके मोजले (एआयएस म्हणजे जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवतात ती यंत्रणा, प्रत्येक संदेश एक ठिपका). व्हेल दिसल्याच्या नोंदी प्रसिद्ध अहवालांतून आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्राण्यांच्या बातम्यांतून गोळा केल्या. दोन्हींचा गुणाकार केला आणि वेगासाठी २००७ सालचा प्रसिद्ध वक्र लावला, ज्यात ८.६ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक समुद्री मैल) टक्कर जीवघेणी ठरण्याची शक्यता सुमारे २१ टक्के आणि १५ नॉटला ७९ टक्के येते.

नकाशा आला तो असा: देवगड-मालवणसमोर सगळं लाल. मुंबईबाहेर, जिथे जहाजांची रांग लागलेली असते, तिथे बहुतेक हिरवं. फक्त जुहूजवळचा एक चौकोन भडक लाल, कारण २०१६ च्या जानेवारीत तिथे ब्राईड्स व्हेल वाहून आला होता. आणि डहाणू पूर्ण हिरवं. गाईड म्हणतात, गणित सरळ आहे, पण समुद्राचं समुद्रवाल्यांना विचार. म्हणून इथे विचारते. नोंद नाही तिथे शून्य धरणं कितपत बरोबर? ठिपके मोजणं योग्य आहे का? आणि शेवटी "वर्षाला इतके व्हेल मरतील" असा आकडा देता येईल का? परीक्षक तोच विचारतील असं दिसतंय.

निळेपाणी

रेवती, हा प्रश्न पुण्यात बसून कोणीतरी विचारतंय याचा फार आनंद झाला. मी कोकणात सागरी सस्तन प्राण्यांच्या पाहण्यांवर काम केलं आहे, सध्या मुक्काम कर्वेनगर. लांब लिहिते आहे, सवडीनं वाच.

सगळ्यात आधी डहाणूचा हिरवा रंग काढून टाक. आजच काढ. तुझ्या नकाशात देवगड-मालवण लाल आहे कारण पाहण्या तिथे झाल्या. २०१५ मध्ये कुणकेश्वरसमोर ब्लू व्हेल दिसले, कारण त्या पाण्यात डोळे लावून बसलेली माणसं होती. आपण रोज कर्वे रस्त्यानं जातो म्हणून तिथले खड्डे आपल्याला पाठ असतात, त्यावरून कात्रजचा रस्ता गुळगुळीत ठरत नाही. नोंदींसोबत पाहणी किती किलोमीटर झाली हे मिळत असेल तरच "शून्य" लिही. नसेल तर तो चौकोन कोरा ठेव. कोऱ्यासाठी वेगळा रंग, आणि नकाशाच्या सूचीत स्पष्ट शब्द: "इथे पाहणी झालेली नाही". याचा आग्रह मी यासाठी धरते की असे नकाशे प्रकल्पाच्या फाईलमधून बाहेर पडतात. उद्या एखाद्या पर्यावरणीय अहवालात तुझा हिरवा चौकोन "धोका नगण्य" म्हणून छापला जाईल, आणि तो खोडून काढायला कोणाकडे विदा (डेटा) नसेल.

हेच ऋतूंनाही लागू आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला. त्या दिवसांत व्हेल शोधायला कोणी जात नाही आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही फारसं जमत नाही. कंटेनर जहाजं मात्र बाराही महिने चालतात. म्हणजे वर्षातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला तुझ्याकडे जहाजांची बाजू भरलेली आहे आणि व्हेलची बाजू रिकामी. वर्षाचा एकच नकाशा करू नकोस. पावसाळा वेगळा काढ आणि तो जवळजवळ सगळा कोरा निघू दे.

जिथे पाहणी झाली आहे तिथेसुद्धा दिसले तेवढेच व्हेल नसतात. बोटीपासून अंतर वाढलं की दिसण्याची शक्यता घटते, ते अंतराच्या नोंदींवरून दुरुस्त करता येतं. पण अगदी बोटीच्या रेषेवर असलेला प्राणीही बुडी मारलेला असेल तर सुटतो. स्पर्म व्हेल पाऊण तास खाली राहू शकतो. ही दुरुस्ती प्रजातीनुसार वेगळी येते, त्यामुळे सगळे व्हेल एका रकान्यात टाकू नकोस. पाहणी नसलेल्या भागासाठी खोली, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेपासूनचं अंतर, पृष्ठभागाचं तापमान आणि उपग्रहावरून मिळणारं हरितद्रव्य घेऊन अंदाज बांधता येतो. हैदराबादची इन्कॉइस संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्राच्या सूचना काढते, त्याही बघ. ब्राईड्स व्हेल तारली-बांगड्यासारख्या थव्यांच्या मागे असतो, त्यामुळे त्याच्यासाठी हा धागा अर्थपूर्ण आहे. फक्त अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही छाप.

वाहून आलेले प्राणी घनतेच्या गणितातून पूर्ण वगळ. जून २०१५ चा रेवदंड्याचा ब्लू व्हेल, २०१६ चा जुहूचा, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेलं आणि इतक्या लोकांनी जिवाचं रान करूनही न वाचलेलं ते पिल्लू: यांच्या जागा समुद्रानं ठरवल्या, त्यांनी नाही. मेलेला प्राणी वारा आणि प्रवाह नेतील तिथे लागतो. शिवाय वाहून आला म्हणजे जहाजानं मारला असंही म्हणता येत नाही. त्यासाठी शवविच्छेदनात मोडलेली हाडं आणि त्याभोवती साकळलेलं रक्त दिसावं लागतं, म्हणजे आघात जिवंतपणी झाला हे कळतं. आपल्याकडे प्राणी बहुधा कुजलेल्या अवस्थेत मिळतो आणि गर्दी आवरता आवरता दिवस जातो. उलट बाजूनं बघायचं तर, जगात ज्या व्हेलवर सर्वांत बारीक नजर आहे त्या उत्तर अटलांटिक राइट व्हेलचेही जेमतेम ३६ टक्के मृत्यू सापडतात, असं २०२१ मधल्या अभ्यासात निघालं. अरबी समुद्रात किती सापडत असतील याचा विचार कर. म्हणून "टकरीच्या नोंदी नाहीत, तेव्हा धोका नाही" हा युक्तिवाद कोणी केला तर तो मान्य करू नकोस.

आता जहाजांची बाजू. एआयएसचे ठिपके मोजू नकोस. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी संदेश पाठवतं, नांगरावरचं दर ३ मिनिटांनी, आणि त्यातले किती संदेश टिपले जातील हे किनाऱ्यावरच्या केंद्रापासूनच्या अंतरावर आणि उपग्रह डोक्यावर कधी येतो त्यावर ठरतं. मुंबईच्या नांगरवाड्यात आठवडाभर उभं असलेलं जहाज तुझ्या नकाशात ठिपक्यांचा ढीग लावतं आणि कोणालाही धडकत नाही. प्रत्येक जहाजाचे ठिपके जोडून मार्ग काढ आणि चौकोनात किती किलोमीटर कापले ते मोज. तासही मोजू नकोस. तास धरले तर सावकाश जाणारं जहाज चौकोनात जास्त वेळ राहतं म्हणून जास्त धोकादायक दिसेल, आणि तुझा नकाशा वेग कमी करण्याच्या विरुद्ध बोलायला लागेल. व्हेल जहाजाच्या मानानं हळू असतो, त्यामुळे गाठ पडण्याची शक्यता मुख्यतः जहाजानं किती पाणी "झाडलं" त्यावर ठरते.

मरणाच्या आकड्याबद्दल. एक उदाहरण मांडते, यातले आकडे निव्वळ धरून चाललेले आहेत. जहाजाची रुंदी ४८ मीटर, व्हेल १२ मीटरचा, म्हणून झाडल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी ६० मीटर धर. १०० किलोमीटर गेलं की ६ चौरस किलोमीटर पाणी झाडलं. १,००० चौरस किलोमीटरला एक व्हेल असेल तर एका फेरीत गाठीची अपेक्षा ०.००६. याला तीन अपूर्णांकांनी गुणायचं: व्हेल जहाजाच्या बुडाच्या खोलीपर्यंत किती वेळ असतो, तो किती वेळा बाजूला होतो, आणि लागलं तर मरण्याची शक्यता. वर्षाला ५,००० फेऱ्या धरल्या तर ०.००६ चे ३० होतात, आणि तीन अपूर्णांकांनुसार उत्तर १ येईल किंवा २० येईल. त्यात घनता १,००० ऐवजी १०,००० चौरस किलोमीटरला एक निघाली तर सगळंच दहाव्या हिश्श्यावर. आपल्या पाण्यातली घनता आपल्याला दहापटीच्या आतही पक्की माहीत नाही. तेव्हा मरणाचा आकडा देऊ नकोस. सापेक्ष धोका दे: अमुक मार्ग तमुक मार्गाच्या कितीपट. तिथे बरेचसे अज्ञात गुणक दोन्हीकडे सारखे असल्यानं कटतात आणि उत्तर टिकतं. परीक्षकांना हेच उत्तर दे, संख्याशास्त्राचे आहेत, त्यांना पटेल.

एका प्रजातीसाठी मात्र वेगळं पान ठेव, ते म्हणजे अरबी समुद्रातले हम्पबॅक. जगातले बाकीचे हम्पबॅक ध्रुवाकडे ये-जा करतात, हे वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्या आत धरली जाते. १९६० च्या दशकात, मुख्यतः १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये, सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात २४२ हम्पबॅक मारले, त्यातून ही टोळी सावरलेली नाही. २०१७ मध्ये ओमानला उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दक्षिण टोकापर्यंत गेली. म्हणजे ती आपल्या जहाजमार्गांतून गेली. इतक्या लहान टोळीत एका मादीचा मृत्यू काय करतो ते तुझ्या एकत्रित नकाशात कधीच दिसणार नाही.

जुना_दर्यावर्दी

निळेपाणी यांनी शास्त्र सांगितलं, मी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, सांगतो. मर्चंट नेव्हीत कॅप्टन होतो, निवृत्तीनंतर कोथरूडला. रेवती, वयानं मोठा आहे म्हणून तू म्हणतो.

लोकांना वाटतं, देवमासा एवढा मोठा, तो दिसेलच, जहाज वळेलच. तसं होत नाही. नियमानुसार जहाजाच्या नाकापुढे जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांत जे कमी असेल तेवढं पाणी ब्रिजवरून दिसलं नाही तरी चालतं. मोठ्या कंटेनर जहाजावर पुढे डबे रचलेले असतात, त्यामुळे हे ५०० मीटर खरोखर आंधळे असतात. १८ नॉट म्हणजे सेकंदाला सव्वानऊ मीटर. आंधळ्या पट्ट्यात शिरलेला प्राणी मिनिटाच्या आत नाकाखाली. आणि पूर्ण वेगातून उलटं इंजिन टाकून थांबायला जहाजाला १५ लांबीपर्यंत अंतर लागलं तरी ते आंतरराष्ट्रीय मापात बसतं. ३०० मीटरच्या जहाजाला साडेचार किलोमीटर. रात्री तर लुकआउटला फवारा दिसण्याचाही प्रश्न नाही, आणि रडारवर देवमाशाची पाठ लाटांच्या गोंधळात हरवते. तेव्हा तुझ्या गणितात "जहाज टाळेल" याला शून्य दे.

प्राणी टाळेल का? इंजिन आणि पंखा मागे असतो, पुढच्या बाजूला अख्ख्या जहाजाचं धूड आवाज अडवतं. नाकाच्या अगदी समोर आवाज बाजूंपेक्षा कमी पोचतो. कॅलिफोर्नियाजवळ ब्लू व्हेलना टॅग लावून बघितलं तेव्हा ते जहाज आलं की बाजूला पळाले नाहीत, सावकाश खाली गेले, सेकंदाला अर्धा मीटर. जहाजाचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, १४ मीटर असेल तर तूच भागाकार कर.

माझ्या नोकरीत एकदा एका बंदरावर पायलट (जहाज बंदरात नेणारा वाटाड्या) चढायला आला आणि म्हणाला, नाकावर काहीतरी आहे. देवमासा होता, बल्बस बोवर, म्हणजे नाकाच्या पाण्याखालच्या फुगवट्यावर, आडवा. कुठे लागला, कधी लागला, आमच्या कोणालाच माहीत नव्हतं. लाखभर टनाच्या जहाजाला तो धक्का जाणवतच नाही. लॉगमध्ये तशी काही नोंद नव्हती, आणि जी नोंद पुढे झाली ती त्या बंदराच्या नावावर. मला त्या रात्री झोप लागली नाही, पण ते राहू दे. सांगायचं हे की टकरींच्या यादीतल्या "ठिकाण" आणि "वेग" या रकान्यांवर फार भार टाकू नकोस. त्यातला बराच भाग नंतर काढलेला अंदाज असतो.

वेगाबद्दल एक गोष्ट शास्त्रवाल्यांकडून सुटते. कॅप्टनला वेग स्वतःच्या मर्जीनं ठरवता येत नाही. बर्थ (धक्क्यावर जागा) कधी मिळणार, पायलट कधी चढणार, भाडेकरारात काय लिहिलंय, त्यावर वेग ठरतो. कित्येकदा जहाज १८ नॉटनं धावत येतं आणि मग नांगरावर दोन दिवस उभं राहतं. १०० समुद्री मैलांना १८ नॉटनं साडेपाच तास लागतात, १० नॉटनं दहा. साडेचार तासांचा फरक, आणि तो पुढे नांगरावर वायाच जाणार असतो. दर तासाला इंधन साधारण वेगाच्या घनात जळतं, म्हणजे त्याच अंतराला हळू जाऊन सुमारे एक तृतीयांशच इंधन लागतं. तुझ्याकडे एआयएस आहे. त्यातून जी जहाजं जोरात आली आणि मग नांगरावर थांबली ती वेगळी काढ. ही जहाजं कोणाचं नुकसान न करता हळू येऊ शकली असती. हा आकडा कुठल्याही बंदराच्या ट्रॅफिकवाल्याला विचार करायला लावेल, त्यात व्हेलची घनता लागतच नाही.

पावसाळ्यात मात्र सावध. मोठ्या लाटांत वेग फार उतरवला की सुकाणू नीट धरत नाही आणि जहाज लोळायला लागतं. अमेरिकेनं २००८ मध्ये पूर्व किनाऱ्यावर ६५ फूट आणि त्याहून लांब जहाजांना ठरावीक काळात, ठरावीक भागात १० नॉटची मर्यादा घातली, त्यातही सुरक्षेसाठी सूट ठेवली आहे. तुझ्या शिफारशीत ती नसेल तर एकही कॅप्टन पुढचं वाचणार नाही.

देवगडकर_हडपसर

वडील तांडेल (होडीचे प्रमुख), घरची होडी देवगडला, मी नोकरीसाठी हडपसरला. मला सूत्रं कळत नाहीत, पण एक सांगतो. आमच्याकडे देवमासा पाहिलेली माणसं बंदरावर शेकड्यानं आहेत. बाबा म्हणतात, "तारली खंय आसा ता तेका आमच्या आधी कळता." पण ही माणसं कोणाला सांगत नाहीत. भीती अशी की नोंद झाली की उद्या तिथे जाळं टाकायला बंदी येईल. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, ती योजना आली तेव्हापासून सोडल्याचे व्हिडिओ तरी यायला लागले. माणसाला नुकसान होणार नाही हे कळलं की तो बोलतो.

दुसरं, तुमच्या नकाशात आमच्या होड्या नसणारच, बहुतेकांवर एआयएस नाही. मोठी जहाजं रात्री होड्यांवरही येतात, माणसं जातात. मार्ग हलवायचा विचार कराल तेव्हा तो आमच्या मासेमारीच्या पट्ट्यावर आणू नका. व्हेल वाचले आणि खलाशी गेले असं नको.

रेवती_पाषाण

तिघांचे खूप आभार. काल रात्री मार्ग जोडायला घेतले. नुसते ठिपक्यांचे किलोमीटर केले तरी मुंबईबाहेरचं चित्र बदललं: नांगरवाडा फिका पडला आणि त्याच्या बाहेरचे येण्याजाण्याचे पट्टे गडद झाले. जुहूचा चौकोन काढला. डहाणू आता राखाडी आहे.

काका, जोरात येऊन थांबणाऱ्या जहाजांचा भाग मी वेगळं प्रकरण म्हणून घेते. देवगडकर, तुमची भीती मी प्रबंधात लिहीन. बाबांशी बोलायला मी देवगडला आले तर चालेल का? नेमकी जागा कुठेही छापणार नाही, मोठ्या चौकोनातच दाखवीन.

अजून दोन प्रश्न आहेत. वेगाचा २००७ चा वक्रच ठेवू का? आणि शेवटी उपाय सुचवायचा असेल तर मार्ग हलवणं आणि वेग कमी करणं, यांत तुलना कशी करू?

निळेपाणी

वक्र दोन-तीन वापर. २००७ च्या वक्रानं १८ नॉटला ९२ टक्के आणि १० नॉटला ३१ टक्के येतात. २०१३ मध्ये जास्त नोंदी घेऊन काढलेला वक्र उताराला सौम्य आहे, कमी वेगालाही मृत्यूची शक्यता बरीच राहते. म्हणजे त्यानुसार वेग कमी करण्याचा फायदा कमी दिसतो. दोन्हींनी नकाशा काढ. चौकोनांचा क्रम फारसा बदलला नाही तर तुझा निष्कर्ष भक्कम. आणि हे लक्षात ठेव की तो वक्र धडक झाल्यानंतरचा आहे, धडक होण्याची शक्यता त्यात नाही.

उपायाबद्दल जगातली उदाहरणं बघ, प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं निघालं आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला डोंड्रा टोकाशी जगातल्या गजबजलेल्या मार्गांपैकी एक नेमका ब्लू व्हेलच्या चरण्याच्या पाण्यातून जातो. तिथे व्हेल किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात दाट आहेत, म्हणून मार्ग १५ समुद्री मैल दक्षिणेला नेला तर धोका सुमारे ९५ टक्क्यांनी घटतो, असं पाहण्यांवरून निघालं. सरकारी मार्ग आहे तिथेच राहिला, पण एका मोठ्या कंटेनर कंपनीनं २०२२ पासून स्वतःहून आपली जहाजं बाहेरून न्यायला सुरुवात केली. बॉस्टनचा मार्ग २००७ मध्ये थोडा वळवला तेव्हा सगळ्या बलीन व्हेलसाठी (दातांऐवजी गाळणी असलेल्या, ब्लू-ब्राईड्ससारख्या) धोका ८१ टक्के आणि राइट व्हेलसाठी ५८ टक्के घटेल असा हिशेब होता. एकाच बदलाचे दोन प्रजातींना वेगळे आकडे, हे तुझ्या उपयोगाचं आहे. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात मात्र ब्राईड्स व्हेल सगळीकडे पसरलेले, मार्ग कुठेही नेला तरी ते तिथे आहेतच. तिथे बंदर, जहाज कंपन्या, शास्त्रज्ञ आणि माओरी प्रतिनिधी एकत्र बसले, २०१३ मध्ये स्वेच्छेचा करार झाला आणि सरासरी वेग १३ नॉटच्या वरून १० च्या आसपास आला. आपल्याकडचे ब्राईड्स व्हेलही किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात पसरलेले असतील, तर आपलं उत्तर हौराकीसारखं निघेल, श्रीलंकेसारखं नाही. हा अंदाज आहे, तुझा विदा काय म्हणतो ते बघ.

२०२४ च्या शेवटी ब्लू, फिन, हम्पबॅक आणि स्पर्म या चार प्रजातींचा जगभराचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यांच्या वावराच्या ९२ टक्के भागात जहाजं चालतात आणि सर्वाधिक धोक्याच्या जागांपैकी ७ टक्क्यांहूनही कमी जागी काही उपाय आहे. हिंदी महासागर त्यात ठळक आहे. पण त्यात ब्राईड्स नाही आणि चौकोन मोठे आहेत, कोकणचा किनारा त्यात मोजक्या चौकोनांत संपतो. म्हणून तुझं काम लागणार आहे.

जुना_दर्यावर्दी

देवगडकरांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याला आपल्याकडे आधार आहे. २०२० मध्ये नौवहन महासंचालनालयानं नैऋत्य समुद्रात व्यापारी जहाजांचे मार्ग मासेमारीच्या पट्ट्यापासून वेगळे केले, १ ऑगस्टपासून लागू. म्हणजे मार्ग हलवायचं यंत्र आपल्याकडे आहे, ते एकदा चालवून झालं आहे. तेव्हा माणसांसाठी हलवले. त्याच बैठकीत देवमाशांचा नकाशाही टेबलावर ठेवता येतो, फक्त तो ठेवणारं कोणी हवं. रेवती, मार्गाचा पर्याय तपासताना त्या निर्णयात ठरलेल्या मार्गांचे अक्षांश-रेखांश काढून तुझ्या चौकोनांवर टाक, आणि बदलानंतर व्हेलचा सापेक्ष धोका वाढला की घटला ते बघ. किनाऱ्यापासून दूर नेल्यानं ब्राईड्सला फायदा आणि खोल पाण्यातल्या ब्लू व्हेलला तोटा, असंही निघू शकतं.

तळेगावला आणि लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. तिथे जहाजावर काम केलेले अधिकारी भेटतात. मुंबईच्या उंबरठ्यावर वेग कधी आणि का उतरवता, हे त्यांना विचारायला दहा प्रश्नांचा कागद कर. मराठीत कर, इंग्रजीतही कर. मसुदा मला पाठव, कुठला प्रश्न ब्रिजवरच्या माणसाला बोचेल आणि तो उत्तर टाळेल ते मी खुणा करून देतो.

देवगडकर_हडपसर

रेवतीताई, बाबांना फोन केला. ते म्हणतात या, पण नारळी पौर्णिमेनंतर. होड्या बाहेर पडल्या की ते पहाटे निघतात आणि दुपारी उतारावर असतात. शेजारचे दोन तांडेलही बोलायला तयार आहेत. नकाशाची मोठी छापील प्रत आणा, मोबाईलवर त्यांना दिसत नाही. त्यावर कमी-जास्तीचे रंग आधीच भरून आणू नका, नाहीतर ते तुमचंच म्हणणं परत सांगतील.